राईची उशी आणि बाळाची हनुवटी

मंडळी, सध्या अकोल्यात भाचीकडे मुक्काम आहे. तिच्या बाळाचं अजून बारसंही व्हायचंय, आणि आज त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

भाचीने बाळाला छातीशी बांधायचं कॅरिअर मागवलंय. त्यात नवजात बाळासाठी वेगळी मऊ गादी बसवतात. माझ्या ताईला, म्हणजे बाळाच्या आजीला, या उन्हात ती गादी म्हणजे अत्याचार वाटला. भाची तयार होत होती, तेवढ्यात ताईने गादी काढली, कॅरिअर स्वतःच्या छातीशी बांधलं, बाळाला आत बसवलं आणि त्याच्या डोक्यामागे राईची उशी सरकवली. डोकं गोल व्हावं, ही दूरदृष्टी.

रडणारं बाळ गप्प झालं. "पाय रे, कसं शांत झोपलं!" ताई मला म्हणाली. मीही विद्वानासारखी मान डोलावली.

भाची बाहेर आली आणि ओरडलीच. "आई, हनुवटी छातीले टेकली त्याची! श्वास कसा घेईल ते?" तिने बाळाला झटकन बाहेर काढलं. ते रडलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

"उशीनं डोकं पुढे ढकललं," ती म्हणाली.

"अन् गादी कावून नाही ढकलत वं?" ताईने विचारलं.

"गादी त्याले बुडाखालून वर उचलते."

उशी काढून गादी बसवल्यावर बाळ खरंच वर आलं. नाक मोकळं, हनुवटीखाली दोन बोटं मावतील एवढी जागा. ताई मग वाटभर त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

रडणारं बाळ गप्प कसं करायचं, हे आपल्याला सगळेच शिकवतात. गप्प झालेलं बाळ निरखून बघायला तुम्हाला कुणी शिकवलं होतं का?