अणशीहून मी परत फिरलो नव्हतो

आधी एक स्पष्ट करतो. भूत, करणी, देवचार यांतलं मी काहीही मानत नाही. छत्तीस वर्षं जोयडा तालुक्यातल्या लाकूड डेपोंत कारकुनी केली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. अख्खी नोकरी जंगलात गेली. माझ्याबरोबरच्या लोकांना वडाखाली बाई दिसायची, ओढ्यावर कोणी हाक मारायचं... मला कधी माकडाशिवाय काही दिसलं नाही. जे कागदावर आहे ते आहे, जे नाही ते नाही, एवढाच माझा धर्म. आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. हे कागदावर आहे.

दुसरं म्हणजे, मला भीती वाटली असं कोणी समजू नये. मला राग आला. चार वर्षं झाली, अजून येतो.

पंचाण्णव साली मी निवृत्त झालो. रामनगरात आमचं घर. मूळचे आम्ही खानापूरकडचे. नोकरीभर बायकोला — सुमनला — कुठे नेणं झालं नाही. सीझनमध्ये रजा नाही, पावसात रस्ता नाही. गोकर्ण बघायचं, बनवासी बघायची, बदामीला जायचं, हे ती लग्न झाल्यापासून म्हणत होती. म्हणून रिटायर झाल्यावर सगळ्यांचा विरोध पत्करून बेळगावहून नवी कोरी गाडी आणली. जीपच्या जातीची, पण बंद बॉडीची, उंच, सात माणसं ऐसपैस बसतील अशी. गडद निळा रंग. जावई म्हणाला, दोन म्हाताऱ्यांना एवढं धूड कशाला? मी म्हटलं, घाट चढायला. डेपोची जीप मी वीस वर्षं चालवली होती, ड्रायव्हरची गरज नव्हती. तशी गाडी तेव्हा आमच्या तालुक्यात दुसरी नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला हेच लोकांना परत परत सांगावं लागलं.

पहिली ट्रिप गोकर्णची ठरली. भातकापणीचे दिवस होते. सकाळी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं (सुमनची हौस, माझी नव्हे) आणि निघालो. जगलबेट, जोयडा, कुंभारवाडा, अणशी आणि मग घाट उतरून कद्रा, कारवार असा रस्ता. नंबर अजून यायचा होता, काचेवर तात्पुरत्या नंबरचा कागद. सीटवरची प्लास्टिकची कव्हरंसुद्धा मी काढली नव्हती.

अणशी गाव यायच्या थोडं अलीकडे, अकराच्या सुमारास, एक माणूस दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. थांबावंच लागलं. तिशीचा असेल, अंगात फाटका बनियन, पाय चिखलाने भरलेले, शेतातून तसाच आलेला. बाजूला झाडाखाली घोंगडीवर त्याची बायको पडली होती आणि एक म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाईचे दिवस भरले होते हे गाडीतूनही कळत होतं. लुगडं गुडघ्याखाली भिजलेलं होतं, आणि ते नुसतं पाणी नव्हतं.

तो म्हणाला, "सायब, पहाटेपास्नं अडलीया. जोयड्याच्या दवाखान्यात सोडा."

जोयडा मागे राहिलं होतं. जायचं म्हणजे तीस किलोमीटर उलट, आणि तेवढंच परत. मी घड्याळ बघितलं. मागची सीट बघितली... हो, बघितली. आणि त्याला म्हटलं की बाराची बस येईल, कंडक्टरला सांग, बसमध्ये आडवं झोपवता येतं, ते जास्त बरं. आम्हाला वेळेत कारवार गाठायचं आहे. त्याने हात खाली घेतले आणि तो बाजूला झाला. मला वाटतं त्याला अशा उत्तराची सवय असावी.

मी गिअर टाकला. तेव्हा सुमन समोर बघत एवढंच म्हणाली, "सीट पुसता येती हो."

मी ऐकलं. गाडी थांबवली नाही. अणशी मागे पडलं, घाट उतरलो, कद्रा गेलं. कारवारला लॉज घेतला, जेवलो. दुसऱ्या दिवशी गोकर्ण केलं. तीन दिवसांत ती माझ्याशी चहा-पाण्यापुरतं बोलली. येताना त्या झाडापाशी तिने मान वळवून बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी मी अंगणात गाडी धूत असताना तोच माणूस फाटकातून आत आला. पाठीवर पोतं. मला पहिल्यांदा वाटलं, भांडायला आला. बाई गेली असणार, असंही वाटलं आणि हातातला पाइप तसाच राहिला. तर तो सरळ पुढे आला आणि माझ्या पाया पडला. पोत्यात कंद होते, त्यांच्या परसातले, आणि मधाची बाटली.

त्याचं नाव सोमा. त्याने जे सांगितलं ते असं. मी निघून गेल्यावर पाच-दहा मिनिटांतच माझी गाडी अणशीकडून परत आली. मी एकटाच होतो. मी उतरून मागचं दार उघडलं, त्याच्या बायकोला — शेवंतीला — उचलायला स्वतः हात लावला, म्हातारीला आणि त्याला बसवलं आणि जोयड्याला दवाखान्यात नेलं. तिथेही ती आत जाईपर्यंत थांबलो, रजिस्टरमध्ये आणणाऱ्याचं नाव म्हणून सही केली आणि कोणाशी न बोलता निघून गेलो. मुलगी झाली. आणखी अर्ध्या तासाने दोघींतलं कोणी राहिलं नसतं असं डॉक्टर म्हणाले. बाराची बस त्या दिवशी आलीच नव्हती. माझं नाव आणि गाव त्याला सिस्टरने रजिस्टर बघून सांगितलं, म्हणून तो घरापर्यंत पोचला.

मी त्याला म्हटलं, अरे बाबा, तुझी काहीतरी चूक होते आहे, तो दुसरा कोणी असेल. तर तो हसला. गाडीकडे बोट करून म्हणाला की कव्हरवर डाग पडले म्हणून शेवंती लाजत होती, तर तुम्ही हाताने 'असू दे' म्हणालात. मी त्याला दार उघडून दाखवलं. प्लास्टिक स्वच्छ होतं, डागाचा ठिपका नाही. तर तो म्हणाला, धुतलं असंल तुमी.

शेवटी माझा आवाज चढला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मी आलो नाही. मी तुला नाही म्हणालो आणि पुढे गेलो. माझी बायको साक्षीला आहे, विचार तिला." तो नुसता मान हलवत राहिला, मोठी माणसं असंच बोलतात अशा चेहऱ्याने. सुमन दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला चहा देताना तिने एवढंच विचारलं, बाळ दूध पितंय ना? तो गेल्यावर मला म्हणाली, "कोन का असंना. बाई वाचली न्हवं?"

मला याचाच संताप आला. कोण का असेना? माझं नाव लावून, माझी गाडी घेऊन, माझा चेहरा घेऊन कोणीतरी फिरतंय, आणि हिला कोण का असेना!

त्याच दिवशी जोयडा गाठलं. सिस्टर ओळखीची असल्यासारखी हसली, कन्नडमध्ये म्हणाली, या, मुलगी बघायला आलात का? मी रजिस्टर मागितलं. तिने पान काढून दिलं. वेळ साडेबारा. पेशंटचं नाव शेवंती. आणणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, गाव रामनगर, आणि सही.

मी हेडक्लार्क होतो हे सांगितलंच आहे. लाखभर कागदांवर सही केली असेल. शेवटचं अक्षर संपलं की रेघ मागे ओढून पहिल्या अक्षराला चिकटवायची आणि खाली दोन टिंबं द्यायची, ही माझी पद्धत. डेपोतल्या एका शिपायाने एकदा गंमत म्हणून नक्कल करून पाहिली होती, त्याला टिंबं जमली पण रेघ जमली नाही. इथे रेघही होती. शांत हाताने, घाई न करता केलेली सही. मी कोर्टात उभा राहिलो असतो तर 'ही माझीच' असंच सांगितलं असतं.

पण साडेबाराला मी कारवारला पोचत होतो. तिथला लॉज, तिथलंही रजिस्टर. मी चिडून दुसऱ्याच दिवशी कारवारला गेलो, सुमनला न सांगता. मॅनेजरने पान दाखवलं. वेळ पाऊण. माझं नाव, 'सोबत पत्नी', आणि सही. दोन रजिस्टरं, मध्ये ऐंशी किलोमीटरचा रस्ता आणि अख्खा घाट, आणि वेळेत फरक पंधरा मिनिटांचा. आता खरं तेच सांगतो, कारण खोटं सांगायचं असतं तर लिहिलंच नसतं. लॉजमधली सही मी स्वतः केली होती, मला आठवतं, सुमन बाजूला बॅग धरून उभी होती. पण ती बघून मलाच ती माझी वाटेना. रेघ अर्ध्यात तुटलेली, टिंब एकच. दुसऱ्या कोणी तशी सही डेपोत आणली असती तर मी कागद परत पाठवला असता.

गाडीच्या किलोमीटरचा हिशोब मी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवतो. तोही तपासला. एक किलोमीटर जास्त नाही. मला भाऊ नाही, जुळा नाही. बेळगावच्या शोरूममध्ये जाऊन विचारलं की त्या आठवड्यात तशाच रंगाची गाडी या बाजूला कोणाला दिली का, तर नाही. त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं.

इकडे बातमी पसरली. बाजारात लोक नमस्कार करू लागले. एक परिचित डॉक्टर म्हणाले, वयामुळे विसर पडतो, चांगली कामंसुद्धा माणूस विसरतो. म्हणजे सुमनलाही विसर पडला? हे विचारलं तर त्यांनी विषय बदलला. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझा सत्कार ठरवला. मी नको म्हणालो तेव्हा 'प्रसिद्धीपराङ्मुख' असं विशेषण लावून पत्रिका छापली! मग मीही ठरवलं, जातोच. शाल घेतली नाही. माइकसमोर उभा राहिलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं — रस्ता, बाई, भिजलेलं लुगडं, सीटचं प्लास्टिक, मी काय बोललो ते. शेवटी म्हटलं, मी गेलो नाही, माझा सत्कार करू नका. तर टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मुख्याध्यापक म्हणाले, असा विनय आज दुर्मिळ आहे. मी रागाने व्यासपीठावरून उतरून घरी चालत आलो.

त्यानंतर एकदाच मी अणशीला सोमाकडे गेलो. खात्री करायला नव्हे, ती आशा सोडली होती. शेवंती अंगणात भात वाळवत होती, बाळ झोळीत. तिने मला बघितलं आणि डोक्यावरून पदर घेतला. मी सोमाला बाजूला घेऊन विचारलं, की त्या तासाभरात, गाडीत, मी नेमकं काय बोललो? मला वाटलं, तोंडून निघालेल्या एखाद्या शब्दावरून तरी कळेल तो कोण होता.

सोमा खाली बघत म्हणाला, "तुमी काय बोलला न्हाई, सायब. जोयडा येईस्तवर नुसतं रडत हुता. म्हातारी म्हनाली, ह्येचं बी कोन तरी असंच गेलं असंल. म्हनून आमी इचारलं न्हाई."

माझं कोणी तसं गेलेलं नाही. आणि मी रडत नाही, वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो. अणशी ते रामनगर गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही.

हे सुमनला सांगितलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

पुढे आम्ही बनवासी केली, बदामी केली. गाडी अजून उत्तम आहे. रस्त्यात कोणी हात दाखवला की मी थांबतो, उलट्या दिशेला जायचं असलं तरी. लोक म्हणतात, भला माणूस आहे. भलं-बिलं काही नाही. माझ्या जागी पुन्हा दुसरं कोणी जाऊन पोचायला नको, एवढाच त्यातला हेतू. माझी गाडी आहे, माझं नाव आहे, 'नाही' म्हणालो तर ते 'नाही'सुद्धा माझं आहे. ते न विचारता खोडून टाकायचा अधिकार त्याला कोणी दिला? समोर आला तर मी त्याला हे विचारणार आहे. अजून तरी आलेला नाही, आणि तो कोण, गाडी कुठून आली, सही कोणी केली, याचा उलगडा मला झालेला नाही. होईल असंही वाटत नाही.

अशा हकिगती लिहिणारे शेवटी विनवतात की आमच्यावर विश्वास ठेवा, आम्ही खरंच काहीतरी पाहिलं. मी काहीच पाहिलं नाही. त्या दुसऱ्या माणसावर तुम्ही विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. माझी विनंती वेगळी आहे, आणि चार वर्षांत ती एकानेही मानलेली नाही. मी त्या बाईला झाडाखाली टाकून पुढे गेलो होतो. एवढ्यावर तरी कोणीतरी विश्वास ठेवा.