शेजारच्या खाटेवरचा गुडघा

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात किस्से गोळा करायला लागत नाहीत, ते आपोआप साठतात. पेशंटचे हातपाय व्यायामात अडकलेले आणि तोंड मोकळं! त्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात खाटा एका ओळीत. व्यायाम स्वतःच्या पायाचा, नजर मात्र शेजारच्याच्या पायावर.

कागलच्या रत्नाक्का आणि कोल्हापुरातल्याच सुशीलाकाकू, दोघींच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकाच सुमाराला झालेलं. काकूंचा गुडघा लवकर वाकायला लागला. रत्नाक्कांनी ते बघितलं आणि घरी जाऊन सुनेला आपला पाय जोर लावून दाबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा गुडघा टरारून सुजलेला, डोळ्यांत पाणी.

"तिचा वाकतोय, मग माझा का न्हाय वो मॅडम?"

तुमचा पाय आधीपासूनच जास्त आखडलेला होता, त्याला वेळ लागणार, असं मी परोपरीनं सांगितलं. पटलं नाही. सूज उतरेपर्यंत व्यायाम बंद ठेवावा लागला.

परत आल्या त्या दिवशी काकूच त्यांच्याजवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "अक्का, तुम्ही इथला व्यायामाचा जिना कसा काय चढताय? मला भ्या वाटतंय. पोरं वरच्या मजल्यावर जेवतात, मी एकटीच खाली."

रत्नाक्का काकूंचा हात धरून उठल्या. "चल, आधी जिना करू. माझा गुडघा बसंल जरा वाट बघत."

यशवंतमामांची कंबर धरलेली. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. शेजारचे आप्पा ऐंशीच्या घरातले, पण रोज सकाळी पन्हाळ्याला जाऊन यायचे. मामांच्या ते मनाला लागलं. एवढा म्हातारा माणूस जातो आणि आपण खाटेवर? एका सकाळी कुणाला न सांगता चढायला लागले. निम्म्या वाटेत कंबर अशी भरली, की जीपमध्ये आडवं घालून खाली आणावं लागलं.

आप्पा केळी घेऊन दवाखान्यात बघायला आले. मामा भिंतीकडं तोंड करून पडलेले. चढायला कशाला गेलतास, म्हणून आप्पांनी विचारलं.

"तुम्ही रोज चढताय की," मामा पुटपुटले.

"मी? मी वडापच्या जीपनं वर जातोय," आप्पा म्हणाले. "चालतोय ते उतरताना."

शिंदेसर निवृत्त शिक्षक. पक्षाघातानंतर उजव्या हातातली ताकद हळूहळू परत येत होती. त्यांची तुलना दुसऱ्या कुणाशी नव्हती, स्वतःशीच होती. कागदावर काहीही लिहा म्हटलं, की दोन अक्षरं काढून पेन ठेवायचे. पूर्वीचं माझं अक्षर बघायला हवं होतं, म्हणायचे, अख्ख्या शाळेत तसं कुणाचं नव्हतं.

एकदा त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात बायकोचं नाव लिहिलं, मंगल. आणि नेहमीसारखा कागद चुरगाळायला घेतला. शेजारी बसलेल्या मंगलबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, मांडीवर सपाट केला.

"पूर्वीच्या अक्षरात माझं नाव कधी लिहिलं होतंसा?"

पल्लवीचा ओम अडीच वर्षांचा होऊनही चालत नव्हता. जावेची मुलगी परी त्याच्याच वयाची, एकाच घरात वाढणारी, आणि ती घरभर पळायची. घरात कुणी काही बोलत नसे, पण पल्लवीनं बारशा-वाढदिवसांना जाणं सोडलं होतं. ओमनं एखादी नवी गोष्ट केली आणि मी कौतुक केलं, की ती म्हणायची, परीला हे कधीच यायला लागलं होतं. तिचा चेहरा पडला की ओम व्यायाम सोडून तिथंच बसायचा.

एक दिवस जाऊ बाहेरगावी होती, म्हणून पल्लवी परीलाही घेऊन आली. मी ओमला सतरंजीच्या एका टोकाला ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला चेंडू. तो रांगत निघाला. परीनं थोडा वेळ बघितलं, चपला काढल्या आणि त्याच्याशेजारी रांगायला लागली.

"परी, तू चाल की गं," पल्लवी म्हणाली. "तुला येतंय."

परी थांबली. ओमही थांबला.

"आमी असंच जातोय," परी म्हणाली. "काकी, तू पण ये."

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. मग पर्स खुर्चीवर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि सतरंजीवर गुडघे टेकले.