ग्रंथावर हात न ठेवणारा साक्षीदार

एकतीस वर्षं तो कोर्टात नावांचा पुकारा करत होता आणि साक्षीदारांना शपथ देत होता. त्याच्या कपाटात सगळ्या धर्मांचे ग्रंथ कापडात गुंडाळून ठेवलेले असत. साक्षीदार ज्या धर्माचा, त्याचा ग्रंथ तो पुढे धरी. वस्तीत त्याला शपथदादाच म्हणत. ग्रंथावर हात ठेवून धडधडीत खोटं बोलणारी माणसं त्यानं इतकी पाहिली होती, की त्यांची गणतीही त्यानं सोडून दिली होती.

त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक लागली. प्रार्थनास्थळाच्या मंडळाचे अध्यक्षच वॉर्डातून उभे राहिले. मतदानाच्या आदल्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. म्हणाले, "देवासमोर शब्द द्या, मत मलाच."

बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून शपथदादा तिला घेऊन तिथं गेला होता. तिनं हात वर केला. त्यानं आपला खिशातून बाहेरही काढला नाही.

अध्यक्ष निवडून आले. हरलेला उमेदवार कोर्टात गेला: धर्माच्या नावावर मतं मागितली, निवडणूक रद्द करा. त्यानं शपथदादाला साक्षीला बोलावलं.

तो पिंजऱ्यात उभा राहिल्यावर ओळखीच्याच शिपायानं ग्रंथ पुढे केला.

"तो राहू दे," शपथदादा म्हणाला. "मी नुसती प्रतिज्ञा घेतो. कायद्याला चालतं."

तसा तो देव मानणारा माणूस. पण ज्यावर एवढं खोटं सांडलेलं त्यानं पाहिलं होतं, त्यावर हात ठेवायला त्याचं मन धजेना. मग घडलं ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

अध्यक्षांचा वकील उठला. "ज्याला देवाचीच भीती नाही, त्याला खोटं बोलायला अडचण कसली?" एवढं विचारून तो बसला.

नंतर चौदा जण आले. ग्रंथावर हात ठेवून प्रत्येकानं सांगितलं, असं काही झालंच नाही. चौदावी शपथदादाची बायको होती. त्याला पत्ताही नव्हता. तो मागच्या बाकावर बसून ऐकत राहिला. तिचा आवाज जराही हलला नाही.

दावा फेटाळला गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर अध्यक्षांनी त्याला थांबवलं. "मनात काही ठेवू नका, दादा. आम्ही तुमच्यासाठीही प्रार्थना करू."

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "तू खोटं बोललीस?"

"तुम्ही सकाळी जाता, संध्याकाळी येता," ती भाजी निवडत म्हणाली. "दिवस मला या लोकांत काढायचा असतो. मी पडले-झडले तर कोण धावून येणार, तुमचा कायदा?"

तिचं चुकलं असं म्हणायला तोंड उघडेना, हेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. दोघं एकमेकांशी बोलतात, जेवायला एकत्र बसतात. फक्त बोलण्याच्या ओघात ती "खरं सांगू का" म्हणाली, की तो अर्ध्या ताटावरून उठतो.