गोधडीचं वजन आणि माझा काटा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो! दोन बायका, एक चिकटपट्टी आणि कुरिअरचा दर, एवढं एका खोलीत आलं की ते आपोआप सांडत राहतात. मी फक्त झाडून गोळा करतो.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत सुनंदाताई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून ऑनलाइन विकतात. समोरच्या शबानाभाभी कागदाचे लॅम्पशेड करतात. मी सातवी नापास, म्हणजे सहावी पास! तीस वर्षं कोपऱ्यावर रद्दीचं दुकान चालवलं. दुकान गेलं, स्प्रिंगचा काटा राहिला. म्हणून पार्सल जोखायचं खातं माझ्याकडे. मी वजन सांगायचं, त्यावरून गिऱ्हाइकाला पोस्टेज कळवायचं.

सुनंदाताईंनी घरी जाहीरच केलं होतं, "या महिन्यातही नफा पोस्टेजमध्ये गेला, तर शिलाई मशीन माळ्यावर!"

* * *

सुरुवातीला त्यांनी 'भारतात कुठेही चाळीस रुपये' लिहून टाकलं. पहिलीच ऑर्डर आसामहून! कुरिअरच्या काउंटरवर आकडा ऐकून त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"अहो, चाळीस ठरवलेत कशावरून?"

"पोस्टकार्ड सगळीकडे एकाच दरात जातं ना अण्णा? मग गोधडीनं काय घोडं मारलंय?"

* * *

शबानाभाभींचा लॅम्पशेड दोनशे ग्रॅमचा, पण खोका हा एवढा! काउंटरवरच्या देवधरांनी टेप लावून तिन्ही बाजू मोजल्या आणि चार किलोचं भाडं सांगितलं.

"चार किलो? अहो, आत नुसती हवा आहे!"

देवधरांनी मान वर न करता पावती फाडली. "हवा तुमची. जागा आमची."

* * *

एकदा मी सुनंदाताईंना सहज म्हटलं, "गोधडी दोन दिवस उन्हात ठेवा, वजन उतरतं." बाईंनी सगळा स्टॉक गच्चीवर वाळत घातला! परत जोखताना मी पार्सलाखाली हळूच एक बोट लावलं.

"अय्या! शंभर ग्रॅम कमी!"

महिनाभर गच्चीत कोणाला पापड घालायला जागा नव्हती.

* * *

हिंजवडीची ऑर्डर आली. "पुण्यातल्या पुण्यात कसलं पोस्टेज? फ्री!" असं म्हणून त्यांनी मलाच स्कूटरवर धाडलं. सकाळी निघालो तो दुपारी पोचलो. दार उघडणारा आयटीवाला पोरगा माझा अवतार बघून हादरला. म्हणाला, "काका, आधी पाणी घ्या. गोधडी नंतर बघू."

* * *

पण खरा धक्का पुढेच होता. घरचं वजन आणि काउंटरचं वजन कधी जमेचना. माझ्याकडे दोन किलो भरलेली गोधडी तिकडे अडीच! फरक दर वेळी सुनंदाताईंच्या पदरचा. शेवटी त्यांनी मशीनवर चादर टाकली. "ही शेवटची गोधडी. पण आज त्या देवधरांचं मशीन खोटं आहे हे दाखवूनच येणार!"

गेलो तिघं, काट्यासकट. मी सगळ्यांच्या पुढे. "कष्टाच्या बाईला लुबाडता?" असं ओरडलोसुद्धा!

देवधर शांत. शेजारच्या वाण्याकडून एक किलो साखरेचं सीलबंद पाकीट आणलं. त्यांच्या मशीनवर ठेवलं. एक किलो. मग माझ्या काट्याला अडकवलं.

आठशे ग्रॅम.

शबानाभाभींनी पाकीट काढलं, काटा झटकला, परत अडकवलं. आठशे!

"आजोबा," देवधर म्हणाले, "काटा उत्तम आहे. फक्त माल घेणाऱ्याचा आहे, देणाऱ्याचा नाही."

"म्हणजे माझं गणित बरोबर होतं!" सुनंदाताईंचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! मीही हसून घेतलं. त्यांनी देवधरांच्या वजनाने नवा दर तिथल्या तिथे मोबाइलवर लिहिला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. टाकता टाकता त्यांचा हात थांबला.

"अण्णा," त्या सावकाश माझ्याकडे वळल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरची रद्दी तुम्हीच नेत होतात ना?"