किरवंत आणि वऱ्हाडाची गाडी

समस्त सुज्ञ जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यवतमाळहून राळेगावला निघालेल्या एस.टी.त एक महाभयंकर अपशकुन शिरला होता. त्याच्याकडे रीतसर तिकीट होते. तो अपशकुन म्हणजे मी.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. राळेगावच्या एका वकिलांचे वडील पहाटे वारले. त्यांचा माणूस सायकल मारत मला बोलवायला आला. सूर्य मावळायच्या आत अग्नी द्यायचा होता, आणि पुढची गाडी थेट संध्याकाळी.

मी किरवंत. मेलेल्या माणसासाठी जे विधी करतात त्यांना क्रिया म्हणतात. ती जाणणारा तो क्रियावंत. लोकांच्या तोंडी झिजून त्याचा किरवंत झाला. मुळात मानाचा शब्द; पण लोक तो विंचू दिसल्यासारखा उच्चारतात.

निम्मी गाडी एका लग्नाच्या वऱ्हाडाने भरली होती. नवरदेवाच्या मामाने माझ्या पिशवीतून डोकावणारी दर्भाची जुडी पाहिली आणि तो ताडकन उठला.

"कंडक्टर! किरवंत बसून राह्यला गाडीत! उतरवा त्याले!"

कंडक्टरने घंटी ओढली. गाडी आडरानात थांबली.

"महाराज, मागच्या गाडीनं या नं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लग्नाचं काम आहे."

"तिकडे मयत घरात पडली आहे. तिला मागची गाडी चालेल का, विचारून येता?"

"आमच्या शुभकार्यात कायले तोंड दाखवता?" मामा ओरडला.

आता माझे डोके फिरले. "मामासाहेब, मागच्या पौषात तुमच्या वडिलांचा दहावा कोणी केला? नदीवर माझ्या पाया कोण पडलं होतं?"

"म्हणून तं ओळखलं तुमाले!"

ही निर्लज्जपणाची हद्द झाली. किरवंत शब्दाचा अर्थ मी भर गाडीत खणखणीत आवाजात समजावून सांगितला. तेवढ्यात कोणीतरी माझी पिशवी खिडकीतून बाहेर टाकलीसुद्धा.

तरीही मी त्याच गाडीने, ऊन असताना राळेगावला पोचलो आणि अग्नी वेळेवर दिला गेला. माणसाला शब्दाचा अर्थ पटत नाही, गरज पटते. कारण पिशवीमागोमाग उतरायला मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मागच्या बाकावरून शालीत गुंडाळलेले नवरदेवाचे आजोबा काठी आपटत किंचाळले,

"अबे, बसू दे त्याले! आज रस्त्यात उतरवला, अन् मी मेल्यावर तो आलाच नाही तं?"