दहावा माणूस

कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं की काका छातीवर हात ठेवून सांगायचे, "नौगावचे. आमचं गलबत तिथंच फुटलं." जणू गेल्याच आठवड्यात फुटलं असावं!

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये आम्ही दोघं होतो. साल दोन हजार नऊ. ते साठीचे, विधुर; मी त्यांना काका म्हणायचो. मी पुण्याहून नुकताच आलेला. काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी वादळातून वाचून किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं.

"तरुणपणी मायभूमी म्हणून इस्रायलला गेलो," काका एकदा कँटीनमध्ये म्हणाले. "पहिल्याच दिवशी हाक आली, ए इंडियन!"

"मग तुमचा देश कोणता?"

"प्रार्थना हिब्रूत, शिव्या मराठीत. आता तूच ठरव."

कॉर्कमध्ये ज्यू मूठभर उरले होते. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. शनिवारी गाडी चालवायची नाही, म्हणून काका पावसात तासभर चालत जायचे.

त्या वर्षी इस्रायलमध्ये त्यांच्या लेकीला मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता. बाळाला मांडीवर घ्यायचा मान आजोबांचा. तिकीट आलं, बॅग भरली. निघायच्या सकाळीच फोन आला: त्या मूठभरांतलेच एक म्हातारे गेले होते. दुसऱ्या दिवशी दफन, आणि काकांना धरून माणसं जेमतेम दहा.

"काका, पहिला नातू आहे!"

"त्याला धरायला तिकडे पन्नास हात आहेत. इथून मी गेलो तर नऊच उरतात."

मीच त्यांना दफनभूमीत नेलं. झोंबरा वारा होता. मी हळूच विचारलं, "मीपण उभा राहू का?"

"राहा की. दहांत मोजला जाणार नाहीस, पण राहा."

दहा आवाज एकत्र उठले. त्या म्हाताऱ्याची बायको काठीवर रेलून शेवटपर्यंत ऐकत होती. नंतर तिनं काकांचा हात बराच वेळ सोडला नाही.

परत गाडीत बसल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. सुंता नुकतीच आटोपली होती. पलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. काका फोन कानाशी घट्ट धरून हसत होते, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मी गाडी सुरूच केली नाही.

दोन हजार बारामध्ये ते निवृत्त होऊन लेकीकडे कायमचे गेले. नंतरच्या शनिवारी मी मुद्दाम त्या प्रार्थनाघरावरून गेलो. दार उघडं होतं. आत पांढऱ्या केसांवरच्या टोप्या दिसत होत्या, पण प्रार्थना सुरू झाली नव्हती. एक आजोबा पायरीवर उभे राहून, डोळ्यांवर हात धरून, रस्त्याच्या टोकाकडे बघत होते.