दारावरचे लाल आकडे

माणसाने हुशारी करावी, पण बेताने. माझ्या हुशारीपायी एकदा अख्खी वाडी घरदार सोडून रानात जाऊन बसली. हसू नका, खरं सांगतोय.

तेव्हा मी विशीतला मास्तर. ट्रेनिंग संपवून वराळ्याजवळच्या एका वाडीत नुकताच आलो होतो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पहिलीची अठरा पोरं. एकदा पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं आणि वऱ्हाड उतरलं नेमकं देवळात. म्हणजे शाळेला सुट्टी.

दुसरा मास्तर असता तर ताणून झोपला असता. पण मी पडलो नव्या पद्धतीचा. आदल्या दिवशीच पोरांना सांगितलं, "उद्या घरी शिकायचं. ज्वारीचे दाणे दहा-दहा मांडा. पाच झाडांची पानं गोळा करा. आणि घरातली माणसं मोजून आकडा लिहून ठेवा. मी तपासणार. घरात कुणाला विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही."

आकडा कुठे लिहायचा, ते मात्र सांगायचं राहिलं. पोरांच्या पाट्या देवळातल्या कोनाड्यात, आणि कोनाड्यापुढे वऱ्हाडाच्या ट्रंका. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून सकाळी मी तळेगावला जाऊन आलो. तिथल्या बाजारात कुजबुज ऐकली, कुठंतरी उंदीर पडलेत म्हणे. त्या काळी एवढं ऐकलं तरी लोक गाठोडी बांधायला घ्यायचे. प्लेग म्हणजे गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालायच्या. आधीच्या साथीत सरकारी माणसांनी घरांवर लाल खुणा केल्या होत्या, ते कुणी विसरलं नव्हतं.

दुपारी परतलो, तर माझ्या खोलीच्या दारावर गेरूने भला मोठा एकचा आकडा काढलेला.

तेवढ्यात शेजारच्या सकूमावशी मांडवातून घरी आल्या. "मास्तर, आमच्या दारावर सात कुनी काढलं वो?"

"घरात माणसं किती तुमच्या?"

"सातच की."

बघता बघता सगळा मांडव माझ्यापुढे गोळा झाला. दारोदार आकडे, आणि सगळे बरोबर. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेलं. ह्ये काय हाय?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सरकारी मोजणी दिसते, पाटील. कुठंतरी उंदीर पडलेत, असं तळेगावच्या बाजारात कानावर आलंय. गाव खाली करावं लागेल."

मग काय विचारता. घटकाभरात वाडी रिकामी. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या काखेत कोंबडी. आचारी बुंदीची पातेली घेऊन निघाले. नवरदेव मुंडावळ्यांसकट घोड्यावरून पाटलांच्या मळ्यात. सगळ्यांच्या पुढे, ट्रंक डोक्यावर घेऊन, मी.

मळ्यात आंब्याखाली टेकलो. बाया डोळे पुसत होत्या. नवरीची आई म्हणत होती, "मुहूर्त जातूया वो, पोरीचं कसं व्हनार?" पोरं मात्र खुशीत हुंदडत होती. त्यांतली चिमी, पाटलांची पुतणी, माझं धोतर ओढायला लागली.

"मास्तर, तपासायचं न्हाई का?"

"काय तपासायचं?"

"आकडं. समद्यांनी लिवल्यात. पाट्या न्हवत्या, मग दारावर लिवलं. तुमी म्हनला हुता घरी सांगायचं न्हाई, म्हून कुनीच न्हाई सांगितलं." मग लाजत म्हणाली, "तुमचा म्या लिवला. तुमाला कुनी न्हाई ना, म्हून एक."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघत कबुली दिली. वाटलं, आता लोक मला विहिरीत टाकणार.

पाटलांनी मावळतीकडे पाहिलं. मग भटजींकडे वळले. "दिस कलला. माघारी जाण्यात मुहूर्त जाईल. हितंच धरा अंतरपाट."

आणि लग्न आंब्याखालीच लागलं. पाटलांनी बुंदीचा पहिला द्रोण माझ्या हातात दिला. "पोरं तयार केली तुमी, मास्तर. एक बी आकडा चुकला न्हाई," एवढंच म्हणाले.

त्या वाडीत मी पुढं सहा वर्षं काढली. पण जेव्हा जेव्हा म्हणालो, "उद्या शाळेला सुट्टी," तेव्हा कुणी ना कुणी गंभीर चेहऱ्याने विचारायचंच, "मास्तर, नुसती शाळाच बंद, का गाव बी हलवायचं?"